व्हँकुव्हरची ऑफर घेऊ का, असं विचारलंस म्हणून

मला दादा म्हणून लिहिलंस, तेव्हा अरेतुरे करतो. तुझं म्हणणं थोडक्यात असं: गोरेगावात सात वर्षं कंपॉझिटिंग (वेगवेगळे तुकडे जोडून शॉट पूर्ण करणं) केलंस, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका व्हीएफएक्स (सिनेमातले संगणकी दृश्यपरिणाम) स्टुडिओची ऑफर हातात आहे, बायको बँकेत, मुलगा पाच वर्षांचा. पगार पुरेल का, मुलाच्या शाळेचं काय आणि तिकडे एकटं पडायला होतं का, हे तीन प्रश्न. व्हिसा, पॉइंट, फी हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी परत लिहीत नाही. बाकीचं लिहितो. लांबेल.

पगार पुरतो. निम्मा भाड्यात जातो, शाळा तीनला सुटते आणि त्यानंतरच्या डे-केअरला वेटिंग लिस्ट असते, बायकोला काम मिळेपर्यंत हात आखडता ठेवावा लागतो. पण निभतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की तुझा पगार नेमका देतंय कोण.

ब्रिटिश कोलंबिया प्रांतात (व्हँकुव्हर त्यातच) बाहेरचा निर्माता आला, की त्याने इथल्या माणसांना दिलेल्या मजुरीचे ३६ टक्के प्रांत करसवलत म्हणून परत करतो. २०२४ पर्यंत हे २८ होते. ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सच्या मजुरीवर वेगळे १६. मग उरलेल्या रकमेवर केंद्र सरकारचे आणखी १६. बेरीज करून बघ. तुझ्या शंभर डॉलर पगारातले जवळपास साठ डॉलर या ना त्या वाटेने निर्मात्याकडे परत फिरतात, आणि त्याला भरायला कर नसला तरी रोख मिळतात. गोरेगावात तू तोच शॉट कितीतरी कमी पैशांत करतोस, तरी तुला दहा-बारा हजार किलोमीटर उचलून का नेतात, ते आता लक्षात येईल. गोरेगावच्या पगारपत्रकावर ही सवलत लागत नाही. रोटो, पेंट, मॅचमूव्ह ही तयारीची कामं भारतात जातात, कारण तिथे मजुरीच इतकी कमी की सवलत नसली तरी चालतं. शेवटची जोडणी, म्हणजे फायनल कंप, जिथे सवलत तिथे. तुझा हात चांगला आहे म्हणूनच बोलावतात, त्याबद्दल शंका नाही, पण तो हात कुठल्या पत्त्यावर राहतो यालाही भाव आहे.

स्टुडिओला दोष देऊनही उपयोग नाही. ठरावीक रकमेची बोली लावून काम घ्यायचं, दिग्दर्शकाने पन्नास वेळा बदल सांगितले तरी पैसे तेवढेच, मार्जिन नखाएवढं. निर्माता म्हणाला, इतके टक्के शॉट अमुक शहरात करा, की तिथे शाखा उघडायची. सोनीच्या इमेजवर्क्सने २०१४ मध्ये आपलं मुख्यालयच कॅलिफोर्नियातून व्हँकुव्हरला आणलं.

फेब्रुवारी २०१३ तुला आठवत नसेल, तू तेव्हा कॉलेजात असशील. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ करणाऱ्या रिदम अँड ह्यूजने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात त्याच कामाला ऑस्कर मिळालं. बक्षीस घेताना बिल वेस्टनहॉफर कंपनीच्या अवस्थेबद्दल बोलू लागला, तर 'जॉज'चं संगीत वाजवून त्याला गप्प केलं. बाहेर रस्त्यावर आर्टिस्ट निदर्शनं करत होते, कामं सवलतीच्या मागे देशाबाहेर चालली म्हणून. मी तेव्हा मालाडला रोटो करायचो. त्या लोकांबद्दल आम्हाला वाईट वाटलं, आणि चहाच्या टपरीवर आम्ही हेही बोललो की चला, काम आपल्याकडे येतंय. दोन्ही खरं होतं. अजूनही मला त्यातलं एक निवडता येत नाही.

आमच्या श्रीरामपूरकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याचा पट्टा पडला की पुढे जातात, पोरांची शाळा मधेच सुटते. आम्ही त्यांच्याशी स्वतःची तुलना करणं आगाऊपणाचं आहे, हीटर लावलेल्या खोलीत बसून काम करतो आम्ही. तरी हंगाम संपला की कोण कुठे जाणार, हे टोळीला विचारून ठरत नाही, एवढं मात्र सारखं.

आम्ही २०२१ मध्ये क्वेबेक प्रांतातल्या मॉन्ट्रियलला गेलो. तेव्हाची भरती काय विचारू नकोस. स्ट्रीमिंगवाल्यांना माल हवा होता, पैसा स्वस्त होता, पोर्टफोलिओ नीट न बघता ऑफर निघत होत्या. २०२२ मध्ये अमेरिकेत ५९९ कथामालिका आल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सने ग्राहक घटल्याचं सांगितलं, शेअर एका दिवसात ३५ टक्के आपटला, आणि गुंतवणूकदार ग्राहक किती हे सोडून नफा किती हे विचारू लागले. मग २०२३ चे संप, लेखकांचा १४८ दिवस, कलाकारांचा ११८. कॅमेरा थांबला की आमच्याकडचे शॉट लगेच थांबत नाहीत, सहा-आठ महिन्यांनी थांबतात. जगाच्या लेखी संप मिटलेला असतो, पेढे वाटून झालेले असतात, तेव्हा आमच्याकडे कोऑर्डिनेटर गप्प गप्प फिरायला लागतात.

आणि नेमका तेव्हा, मार्च २०२४ मध्ये, क्वेबेकचा अर्थसंकल्प आला. वरवर बघशील तर मूळ सवलत २० वरून २५ टक्क्यांवर गेली, म्हणजे छानच. आतली मेख अशी की व्हीएफएक्सच्या कंत्राटाची ६५ टक्केच रक्कम सवलतीसाठी धरायची. निर्मात्यांचे हिशेबनीस ही मेख आमच्या आधी वाचतात. वर्षअखेरीपर्यंत आमच्या मजल्यावरचे निम्मे दिवे बंद असायचे.

आता शाळेचं. हे तू विचारलंस आणि दोन दिवस माझं डोकं त्यातच आहे.

क्वेबेकात स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी फ्रेंच शाळेत जावं लागतं, १९७७ चा कायदा आहे. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यांना इंग्रजी शाळेची सूट मिळते, पण तीही आता तीन वर्षांपुरतीच. आम्ही म्हटलं, राहायचंच आहे तर फ्रेंचमध्ये घालू. सहा वर्षांची पोर, घरी मराठी, नाशिकच्या बालवाडीत शिकलेलं थोडं इंग्रजी. नव्याने आलेल्या मुलांचा वेगळा वर्ग असतो, त्यात ती बसली. पहिले तीन-चार महिने डबा तसाच परत यायचा. मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात मी दूध मागितलं तर माझा उच्चार तिने दुकानदारासमोर सुधारला. त्यानंतर ती आमची दुभाषी झाली. वीज कंपनीचा फोन आला की सात वर्षांची पोर बोलायची आणि आम्ही दोघं शेजारी उभे राहून तिच्या तोंडाकडे बघायचो.

डिसेंबर २०२४ मध्ये माझं कंत्राट संपत होतं आणि व्हँकुव्हरहून नवीन आलं. मी म्हटलं, जूनमध्ये येतो, पोरीचं वर्ष पूर्ण होऊ दे, तोवर घरून काम करतो. रिक्रूटर बाई फार गोड बोलायच्या. जून नाही, जानेवारीही नाही, ३१ डिसेंबरच्या आत या. मला वाटलं, प्रोजेक्टची घाई असेल. आलो. पहिल्याच आठवड्यात एचआरचा फॉर्म: ३१ डिसेंबरला तुम्ही ब्रिटिश कोलंबियाचे रहिवासी होता का, पुरावा जोडा. सवलत मोजताना आधीच्या वर्षाच्या त्या तारखेला माणूस प्रांतात राहत असावा लागतो, नाहीतर त्याचा पगार हिशेबात धरत नाहीत. भाडेकराराची झेरॉक्स जोडताना मला कळलं की पोरीची शाळा मध्येच का तुटली. नाताळाआधीच्या कार्यक्रमात तिच्या वर्गाचं नाटक होतं. तिचं काम दुसऱ्या मुलीला दिलं. शाळेने काही चुकीचं केलं नाही, पण मला ते अजून गिळवत नाही.

इथे आल्यावर मी फ्रेंच इमर्शनला (इंग्रजी शाळांतले फ्रेंच माध्यमाचे वर्ग) ठेवू म्हणालो. त्याचा मुख्य प्रवेश बालवाडीत किंवा पहिलीत. मधल्या वर्गात जागा असेल तर चाचणी, आणि जागा नव्हती. पूर्ण फ्रेंच शाळा आहेत, पण त्या मुख्यतः ज्यांच्या आईबापाची भाषा फ्रेंच त्यांच्या मुलांसाठी. ती आता इंग्रजी शाळेत आहे, हुशार आहे, मैत्रिणी आहेत. फ्रेंच गंजत चाललंय. बायको म्हणते, तिला काही वाटत नाही, तुलाच वाटतं. असेल.

बायकोचं मात्र उलट झालं, आणि याची मजा बघ. नाशिकला ती गणित शिकवायची. मॉन्ट्रियलला नोकरी मिळेना म्हणून सरकारी फुकट वर्गात फ्रेंच शिकली. त्या फ्रेंचला क्वेबेकच्या बाहेर सोन्याचा भाव, कारण केंद्र सरकार फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी निवडफेरी घेतं आणि तिचा पॉइंटांचा कटऑफ बाकीच्यांपेक्षा खूप खाली असतो. आमची पीआर (कायम राहण्याचा परवाना) तिच्या नावावर निघाली. अर्जात मी 'सोबत येणारा जोडीदार'.

माझ्या नावावर निघालीच नसती. माझा ॲनिमेशनचा डिप्लोमा खासगी क्लासचा, पॉइंटांत त्याची किंमत शून्य, बीकॉम शेवटच्या वर्षी सोडलेलं. आपल्या धंद्यात असे खूप. तुझी पदवी पूर्ण असेल तर युनिव्हर्सिटीची सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक) तू विमानात बसण्याआधीच काढून ठेव, इथून काढायची म्हणजे मामा-काकांना रांगेत उभं करायचं. आणि नावं बघ, देवाशपथ नावं बघ. मुलाच्या जन्मदाखल्यावर नाव आहे की नुसतं 'मुलगा' आहे? बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं की सासरचं? आमच्याकडे तीन कागदांवर ती तीन बायका होती. मधलं नाव नवऱ्याचं असतं हे इकडच्या अधिकाऱ्याला पटवायला ॲफिडेव्हिट, त्यावर नोटरी, मग त्या नोटरीचा शिक्का पुसट म्हणून परत. पोरीच्या मधल्या जागी माझं नाव, तर शाळेत एक बाई दोन महिने तिला माझ्या नावाने हाक मारत होत्या.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, पुरणपोळ्या मिळतात. पुढे चल.

हां, एक सांगतो. कॅनडाने कायदा केला की बातम्या दाखवायच्या तर फेसबुक-गूगलने वृत्तपत्रांना पैसे द्यावेत. गूगलने वर्षाला दहा कोटी डॉलर कबूल केले. फेसबुकवाल्या मेटाने ऑगस्ट २०२३ पासून कॅनडात बातम्याच बंद केल्या, जगभरातल्या. त्यात आपली मराठी वर्तमानपत्रंही गेली. आई फेसबुकवर गावाकडची बातमी शेअर करते, माझ्याकडे कोरी चौकट येते. म्हणून ती आता छापील पेपर जमिनीवर पसरून फोटो काढते आणि व्हॉट्सॲप करते. कोपऱ्यात तिच्या पायाचा अंगठा असतो, कधी भाजीचं देठ. बातमी बहुतेक वेळा धरणाच्या पाण्याची.

आता तुझ्या ऑफरकडे येऊ. सवलतीमागे काम फिरण्याचं हे चक्र थांबलेलं नाही, हे गृहीत धर. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही व्हीएफएक्स कंपनी बुडाली, तिच्या एमपीसी आणि मिकरोस या स्टुडिओंसकट, तेव्हा मॉन्ट्रियलसारखीच बंगळुरू-मुंबईचीही पोरं एका फटक्यात घरी बसली. लंडनने २०२५ पासून व्हीएफएक्सची सवलत ३९ टक्के केली. कॅलिफोर्नियाने आपली सवलतीची वर्षाची रक्कम ७५ कोटी डॉलरवर नेली. ट्रम्पने परदेशी सिनेमावर १०० टक्के टॅरिफची घोषणा केली त्या दिवशी आमच्या ग्रुपवर कामाचा एक मेसेज नव्हता. भारतानेही २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात परदेशी निर्मितीला ४० टक्क्यांपर्यंत परतावा जाहीर केला. कोण जाणे, तू इकडे येशील आणि तुझं काम तिकडे जाईल.

मी येऊ नको म्हणत नाही. मी स्वतः परत जाईन का, तर नाही, आणि ते का याचं उत्तर बायकोकडे वेगळं आहे, माझ्याकडे वेगळं. तू एवढं कर. ऑफर लेटरवर कंत्राट संपण्याची तारीख आहे की 'प्रोजेक्ट संपेपर्यंत' लिहिलंय, ते बघ. वर्क परमिट त्या एकाच कंपनीच्या नावाने असेल तर काम संपल्यावर दुसरीकडे बसता येत नाही, नवा परवाना लागतो, तेव्हा चार महिन्यांचं भाडं वेगळं ठेवूनच विमानात बस. बायकोने बँक लगेच सोडू नये, बिनपगारी रजा मिळते का विचारू दे. आणि रुजू होण्याची तारीख मला कळव. डिसेंबर म्हणत असतील तर का म्हणतात हे तुला आता माहीत आहे. त्यांना तुझी त्या तारखेला गरज आहे, तेव्हा भाड्याची अनामत आणि तिघांची तिकिटं मागून घे. देतात. मी मागितली नव्हती, कोणी सांगितलंच नव्हतं.