रोपे आणण्याआधी जागेचा नकाशा

आपण घरामागच्या ३० बाय २० फुटांच्या मोकळ्या जागेचे वर्णन केले आहे आणि बावीस रोपांची यादी देऊन त्यांची मांडणी कशी करावी, असे विचारले आहे. यादी विचारपूर्वक केलेली दिसते, तरीही ती काही दिवस बाजूला ठेवावी, अशी माझी विनंती आहे. कोणते रोप कोठे लावायचे, हे त्या जागेवर ऊन किती वेळ टिकते आणि पाणी तेथवर किती सहज पोहोचते यावरून ठरते, आणि या दोन्हींविषयी आपल्या प्रश्नात काहीच आलेले नाही.

प्रथम आलेख कागद घ्यावा, एक चौकट म्हणजे एक फूट असे प्रमाण धरावे आणि घराची भिंत, कुंपण, असलेली झाडे, नळ व जमिनीखालून जाणारे नळ यांच्या जागा दाखवाव्यात. उत्तर दिशेची खूण विसरू नये. त्यानंतर निरभ्र दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी सावलीची कड पेन्सिलीने काढत गेल्यास कोणत्या तुकड्यावर किती तास थेट ऊन पडते, हे दिवसाअखेर कागदावरच उमटते. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी यांसारख्या फळभाज्यांना सहा ते आठ तासांचे थेट ऊन लागते. पालेभाज्या तीन-चार तासांवरही समाधानकारक वाढतात, आणि कडक उन्हाळ्यात तर दुपारची सावली त्यांना मानवतेच. मात्र एका दिवसाच्या नोंदीवर विसंबू नये, कारण हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून जातो आणि उन्हाळ्यात भिंतीच्या पायथ्याशी थांबणारी सावली तेव्हा वाफ्यांवर पसरते. हीच नोंद तीन महिन्यांनी पुन्हा करणे इष्ट.

उत्तर गोलार्धात वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून मांडव आणि उंच वाढणारी झाडे बागेच्या उत्तर कडेला असावीत. माझ्या पहिल्या बागेत मी दोडक्याचा मांडव दक्षिणेला उभारला, कारण खिडकीतून तो तेथेच शोभून दिसत होता. मांडव भरल्यावर मागचे टोमॅटो उन्हाच्या शोधात उंच, किरकोळ होत गेले आणि त्यांना फळ जवळपास धरलेच नाही. मांडव मोडण्याचे धैर्य मात्र हंगाम संपेपर्यंत मला झाले नाही.

वाफे चार फुटांपेक्षा रुंद करू नयेत, कारण माणसाचा हात वाकून साधारण दोन फूट पोहोचतो. भिंतीला टेकलेला वाफा तर दोन फुटांचाच असावा. वाफ्यात पाय पडला की माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे मध्ये दीड-दोन फुटांची पायवाट सोडणे म्हणजे जागा वाया घालवणे नव्हे. पहिल्या वर्षी चार बाय आठ फुटांचे चार वाफे पुरेत.

हा आकडा लहान वाटेल, पण पाण्याचा हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भाजीपाल्याला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर या चार वाफ्यांचे, म्हणजे सुमारे १२ चौरस मीटरचे, आठवड्याचे पाणी ३०० लिटर होते. दहा लिटरच्या झारीने त्या तीस खेपा झाल्या, आणि कोरड्या उन्हाळ्यात त्या वाढतात. नळ बागेच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर वाफे नळाजवळ आणावेत किंवा पाइपाची सोय आधी करावी. पालापाचोळ्याचे दोन-तीन इंचांचे आच्छादन घातल्यास ओलावा बराच टिकतो.

निचरा तपासण्यासाठी एक फूट खोल व एक फूट रुंद खड्डा पाण्याने भरून पूर्ण जिरू द्यावा, मग पुन्हा भरून पातळी तासाला किती उतरते ते मोजावे. ती इंचभरही उतरत नसेल तर उंच गादीवाफे करावेत आणि भरपूर कुजलेले खत मिसळावे.

चार वाफ्यांचा आणखी एक लाभ आहे. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातली पिके असून मातीतले त्यांचे कित्येक रोग सामायिक असतात. म्हणून हे कूळ एका वाफ्यात, शेंगवर्गीय दुसऱ्यात, कोबी-मुळा तिसऱ्यात आणि काकडी-भोपळा चौथ्यात ठेवून दर वर्षी वाफे बदलावेत.

यादीतल्या लिंबू आणि पेरू यांच्याबाबतीत घाई अजिबात नको. भाजी पुढच्या हंगामात हलवता येते, झाड येत नाही. रोपाच्या आजच्या आकाराचा विचार न करता पूर्ण वाढलेल्या झाडाच्या घेराचे वर्तुळ नकाशावर काढावे. पेरूचा घेर पंधरा फूट धरला, तर आपल्या जागेच्या वीस फूट रुंदीपैकी पाऊण भाग तोच व्यापतो, शिवाय मुळे घेराच्याही बाहेर जाऊन वाफ्यांतले पाणी ओढतात. मी दोहोंपैकी फक्त लिंबू निवडेन आणि तेही उत्तरेच्या कोपऱ्यात.

यानंतर यादी पुन्हा हाती घ्यावी आणि ज्यांना नकाशावर जागा उरली नाही, ती रोपे यंदा आणू नयेत. पुदिन्याला जागा उरली तरी तो कुंडीतच ठेवावा, कारण त्याचे धावते खोड एका हंगामात शेजारचा वाफा गाठते.