फॉर्म न घेता परत जा

पोरी,

भाजलेल्या तंबाखूची पूड बायका दातांना लावतात, त्या मिश्रीवरची तुझी मेल वाचली आणि आधी रागच आला. "मिश्री वाईट हे बायकांना माहीत आहे, तरी लावतात. मग माझ्या सर्व्हेचा उपयोग काय?" अगं, आपला विषय सुरूच तिथून होतो!

१९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोग शोधायला छातीचे एक्स-रे फुकट काढत होते, तरी माणसं येईनात. ती का येत नाहीत हे शोधताना ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ आलं, म्हणजे माणूस आरोग्याचा निर्णय कुठल्या समजुतींवर घेतो याची मांडणी. तेच तू नर्सिंगच्या मुलींना फळ्यावर चौकोन काढून शिकवतेस, आणि स्वतः निपाणीच्या गल्लीतून एका भेटीत फॉर्म भरून आलीस.

परत जा.

त्या बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं, मजुरी हजार बिड्यांवर. तिला मान वर करायला फुरसत नाही आणि तू विचारतेस, "आपणास तंबाखूच्या दुष्परिणामांची जाणीव आहे का?" ती "हाय की" म्हणून मोकळी होते. शेजारी बसलीस तर सांगेल, मिश्री लावल्याबिगर पोट साफ हुईत न्हाई, दाढ ठणकायची ऱ्हाती, भूक मरती. हे कुठल्या रकान्यात भरणार होतीस?

आपल्याच बेळगाव जिल्ह्यात १६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉलचा, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीचा, अभ्यास झाला, २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. खरी गोळी मिळालेल्यांत अतिरक्तस्राव ६.४ टक्के, औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत १२ टक्के. ती गोळी बाळंतिणीच्या हातावर ठेवली कुणी? उपकेंद्राच्या सिस्टरबाईंनी. दार उघडणारं माणूस नसतं तर औषध कपाटातच राहिलं असतं.

माझे पेपर कमी, म्हणून बढती रखडली, हे तुझ्या कानावर आलं असेलच. गावात वाचून दाखवल्याशिवाय मी निष्कर्ष पाठवत नसे. याला वेळकाढूपणा म्हणणारे होते. म्हणोत. बायकांनी "असं न्हाई, बाई" म्हणून खोडलेली वाक्यं माझ्या वहीत आहेत आणि त्या वाक्यांच्या जागी जे आलं तेच खरं होतं. ती वही छापली गेली नाही, एवढी हळहळ मात्र जात नाही.

म्हणून पुन्हा सांगते, परत जा. बंगळूरच्या नोकरीला होकार महिनाअखेरीस द्यायचा आहे ना? मग वेळ आहे. आशाताईंना फोन कर, बायकांना कुठली वेळ सोयीची ते विचार. तुझ्या दोन विद्यार्थिनींना बरोबर ने. पहिल्या दिवशी त्यांना एकही प्रश्न विचारू देऊ नकोस.