ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी ८८ दिवसांचे शेतकाम सिद्ध कसे करावे?

आपण वर्क अँड हॉलिडे व्हिसावर (फिरताना कामही करू देणारा व्हिसा, उपवर्ग ४६२) क्वीन्सलँडमध्ये शेतकाम करीत आहात, पगार मजूर पुरवणारा ठेकेदार देतो आणि शेतमालक आपल्याला नावानेही ओळखत नाही. मग दुसऱ्या व्हिसासाठी लागणाऱ्या ८८ दिवसांच्या कामाचा पुरावा कोणता द्यावा, असे आपण विचारले आहे. बंडाबर्गजवळ रताळी काढताना माझीही हीच अडचण झाली होती.

सर्वांत वजनदार कागद म्हणजे पे-स्लिप. पगार झाल्यावर कामकाजाच्या एका दिवसात ती देणे पगार देणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे दर आठवड्याला न संकोचता मागावी, कारण हंगाम सरल्यावर ठेकेदार फोन उचलतीलच असे नाही. मात्र माझ्या पे-स्लिपांवर ठेकेदाराच्या ब्रिस्बेनमधील कार्यालयाचा पत्ता होता, आणि ब्रिस्बेन शहरातले काम या ८८ दिवसांत धरले जात नाही. विचारात घेतला जातो तो प्रत्यक्ष कामाच्या जागेचा पोस्टकोड. सुदैवाने मुकादम रोज संध्याकाळी उद्याचे शेत आणि हजेरीची वेळ मोबाइलवर कळवीत असे. ते सगळे संदेश मी जपून ठेवले होते. ते दाखवून मी १४६४ क्रमांकाच्या (केलेल्या कामाची खात्री देणाऱ्या) फॉर्मवर शेताचा पत्ता घालून घेतला, ठेकेदाराची सही घेतली आणि पगाराच्या रकमा जुळतील असा बँकेचा उतारा सोबत जोडला. रोखीने पगार देणाऱ्याकडे मी तरी काम करणार नाही. असे दिवस नंतर सिद्ध करणे फार जड जाते.

खरा घोळ दिवसांच्या मोजणीत होतो. त्या उद्योगात पूर्णवेळ समजला जाणारा आठवडा, उदाहरणार्थ पाच दिवस, आपण भरला असेल तर सुट्टीचे दोन दिवस धरून सात मोजता येतात. पण पावसामुळे तीनच दिवस काम मिळाले, तर तीनच. एका दिवसात बारा तास राबले तरी तो एकच दिवस. मी खिशातल्या वहीत रोज तारीख, शेत आणि तास लिहीत असे, आणि काही पानांवर नुसतेच ‘पाऊस, काम नाही’ असे आहे. ८८ वर न थांबता मी शंभरी गाठली, ती या पानांमुळेच.

शेत सोडून हॉटेलात जाण्याचा विचार असेल, तर जागा पाहून जावे: केर्न्स किंवा डार्विनमधील हॉटेलचे काम या व्हिसासाठी चालते, ॲडलेडमधील चालत नाही.

सही घेण्यापूर्वी फॉर्मवरील तारखा पे-स्लिपांशी ताडून पाहाव्यात. माझा पहिला दिवस तीन दिवस आधीचा लिहिला गेला होता, आणि तेवढ्यासाठी मला पुन्हा ठेकेदाराच्या मागे लागावे लागले.