गॅलरीत उभं राहून भागत नाही

प्रश्न : आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. बाहेरच्या रंगकामाला चार कोटेशनं आली, त्यातलं एक माझ्या साडूचं. त्याचं पाकीट उघडायची वेळ आली तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. कमिटीने काम त्यालाच दिलं. आता ग्रुपवर माझ्या नावाने शिमगा चाललाय. मी तर मतही दिलं नव्हतं. चुकलं कुठे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : उठलात ते बरं केलंत. पण बाकी तिघांची पाकिटं उघडली तेव्हा कुठे होतात? पत्रात ते नाही, म्हणजे खुर्चीतच असणार. ‘हा प्रायमर हलका मारतो’ असं एखादं वाक्य बोललातही असाल. तिघांना खाली ओढलं की चौथा आपोआप वर येतो.

हेच १९६९ साली सुप्रीम कोर्टात गेलं होतं, क्रैपाक खटल्यात. भारतीय वनसेवेसाठी जम्मू-काश्मीरमधले अधिकारी निवडायचे होते. तिथले प्रभारी मुख्य वनसंरक्षक निवड मंडळावरही होते आणि उमेदवारही. स्वतःचं नाव निघालं तेव्हा ते बसले नाहीत. प्रतिस्पर्ध्यांच्या वेळी बसले, क्रम लावतानाही बसले. यादीत पहिलं नाव त्यांचंच! कोर्टाने निवड रद्द केली. त्यांनी लबाडी केलीच का, हे कोर्ट शोधत बसलं नाही. पक्षपाताला जागा होती, एवढं पुरलं.

मीही नोकरीत असताना हेच केलंय. बाकांच्या खरेदीत भाच्याचं टेंडर होतं. व्हरांड्यात उभा राहिलो, तर शिपाई चहा घेऊन आला आणि हळूच म्हणाला, “साहेब, भाच्याचं होतंय बरं का.” मी नातं कुणाला सांगितलंही नव्हतं.

आता सभा परत बोलवायला सांगा. रंगकामाचा विषय पुकारला की नातं सांगा आणि विषय संपेपर्यंत घरी जाऊन बसा. गॅलरीत नको, तिथून खोकला ऐकू येतो. इतिवृत्तात हे सगळं येऊ द्या. चारही कोटेशनं तुमच्याशिवाय पुन्हा बघू देत. काम परत साडूलाच मिळालं, तर खरी अडचण पुढेच आहे, कारण बिल तपासणारे तुम्ही, चेकवर सही तुमची. ती चेअरमनची घ्या. परांची उतरायच्या आधी काम बघायलाही दुसरंच कुणी जाऊ दे.

आणि साडूला आजच फोन करा. ग्रुपवरून कळलं, तर दिवाळीच्या फराळाला वहिनींना बहिणीकडे एकटीनेच जावं लागेल.