थिंद यांचा धडा अर्धा शिकवू नकोस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाठटाचण दोनदा वाचलं. दिवाळी, मेंदी, समोसे, सगळं आहे. पण न्यू जर्सीने जानेवारी २०२२ मध्ये आशियाई अमेरिकनांचा इतिहास शाळेत बंधनकारक केला, त्याआधी २०२१ मध्ये इलिनॉयने, तो एवढ्यासाठी नाही गं. सण मुलांना घरी कळतात. निकाल कळत नाहीत.

सुरुवात भगतसिंग थिंद यांच्यापासून कर. पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात पगडीसह अमेरिकी लष्कराचा गणवेश घातलेला माणूस. तेव्हा परदेशात जन्मलेल्यांपैकी 'गोऱ्या' आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळे. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, थिंद गोरे नाहीत. मग आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व सरकार काढून घेऊ लागलं. वैष्णो दास बगाई यांचं गेलं. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला.

यापुढचं तू गाळशील, अशी मला भीती आहे. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद काय होता? मी उच्चवर्णीय, आर्य, म्हणून गोरा. अमेरिकन गोरे लग्नसंबंधात काळ्यांना जसं दूर ठेवतात, तसंच उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांना ठेवतात, हेही त्यात होतं. भिंत पाडा असं त्यात कुठेच नाही. मला आत घ्या, एवढंच.

मी पहिल्यांदा शिकवलं तेव्हा हे गाळलं होतं. वर्गात आपली मुलं होती, त्यांची मान खाली जायला नको वाटलं. एका काळ्या मुलीने विचारलं, "मग तो कायदाच चूक आहे असं ते का नाही म्हणाले?" उत्तर मला ठाऊक होतं. मी तास संपवला. अजून सलतं.

त्या धड्याशेजारी जोतीरावांना ठेव. निकालाच्या बरोबर पन्नास वर्षं आधी, १८७३ मध्ये, त्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. त्या सज्जनांनी काळ्या गुलामांसाठी केलं तेच आपल्या देशबांधवांनी शूद्रांसाठी करावं, या इच्छेने. दोन्ही उतारे मुलांच्या हातात दे आणि गप्प बस. आठवीतली मुलं बोलतात, फक्त थांबावं लागतं.

मंडळातलं कुणी विचारेल, जातीचं इथे कशाला? त्यांना तासाला बोलाव.

नवं टाचण झालं की फोन कर. रविवारी दुपारी मी घरीच असते.

तुझी,
ताई