चेंडू नसताना ती कुठे असते?

बाळा,

तुझा मेसेज पहाटे वाचला. जपानच्या त्या मिडफिल्डरची तू कापलेली ११ सेकंदांची क्लिप लाखो लोकांनी पाहिली आणि खाली हॉकीबद्दल एक अक्षर नाही, सगळं तिच्या चेहऱ्याबद्दल. ‘काका, माझं चुकलं का?’ म्हणतोस.

आधी मला सांग, त्या ११ सेकंदांत चेंडू कुठे होता? मी चार वेळा पाहिलं. ती केस बांधते, हसते, संपलं. ६० मिनिटांच्या सामन्यात एकेका स्टिकला चेंडू लागतो तो किती थोडा वेळ! बाकी वेळ ती वाटा बंद करत असते. ते दाखव ना. चेंडू नसताना ती काय करते, ते दाखव.

रांची आठव. १९ जानेवारी २०२४, भारत विरुद्ध जपान, तिथलं पॅरिस ऑलिंपिकचं शेवटचं तिकीट. सहाव्या मिनिटाला काना उराताने गोल केला आणि उरलेला सगळा सामना जपानच्या मुलींनी तो एक गोल सांभाळला. आपल्याला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलजवळून थेट हल्ल्याची संधी, मिळत गेले, वाया जात गेले. दर वेळी गोलकीपर आणि चौघी गोललाइनवर, तोंडाला मास्क. चेंडू आत ढकलला की एक जण थेट फटक्याच्या अंगावर धावायची. मास्कमागे कोण आहे, मला टीव्हीवर कळत नव्हतं. आपण हरलो, मला जेवण गेलं नाही, पण त्या धावेला मी हात जोडले.

हे मी तावातावाने लिहितोय, कारण मीही तेच केलंय. एका दैनिकासाठी वीस वर्षं मैदानावर फोटो काढले. मुलींचा सामना असला की हसरा चेहरा हवा असायचा, मी द्यायचो. एका राइट हाफने, म्हणजे उजवी बाजू सांभाळणाऱ्या मुलीने, शेवटच्या मिनिटाला रेषेवरून चेंडू काढला, गुडघा फुटलेला. ती फ्रेम माझ्याकडे होती. मी पाठवला तिचा बक्षीस घेतानाचा फोटो. दुसरा छापलाच नसता, आणि न छापलेल्या फोटोचे पैसे मिळत नसत. घरात दोन लहान मुलं होती. तू असतास तर काय केलं असतंस? ती निगेटिव्ह अजून कपाटात आहे. तिला कधी दाखवली नाही.

तुला तर रोल संपायची भीती नाही, डेस्कची नाही! मग कसली वाट बघतोस? पेज बंद करू नकोस. चेहरा बघून आलेत, येऊ देत, त्यांना हाकलू नकोस. केस बांधतानाची क्लिप मात्र आजच काढ. रविवारी पूर्ण सामना लाव आणि चेंडू कुठेही जावो, नजर तिच्यावरच ठेव. समोरच्या संघातल्या हाफकडे चेंडू गेला की ती कुठे सरकते, कुणाला हाक मारते, किती वाकते. त्यातले ४० सेकंद काप. शंभर जणांनी पाहिलं तरी टाक.

आणि कॉर्नरला मास्क घालणाऱ्यांत ती असते का, ते बघून मला कळव. मीही सामना लावून बसतो.

तुझा,
काका