बीएस्सी मॅथ्सवर क्रिप्टोग्राफीत नोकरी मिळेल?

प्रश्न : माझी मुलगी माटुंग्याच्या कॉलेजात बीएस्सी मॅथ्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला म्हणे क्रिप्टोग्राफिक इंजिनिअर व्हायचंय. मी सहकारी बँकेत आहे. क्रिप्टो म्हटलं की मला लोकांचे बुडालेले पैसेच आठवतात. इंजिनिअरिंगची डिग्री नसताना हे जमेल का? ठाण्यातला एक क्लास सहा महिन्यांचं सायबर सिक्युरिटी सर्टिफिकेट आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' देतोय, फी सव्वा लाख. भरू का?
— एक आई, मुलुंड

उत्तर : फी भरू नका, ताई. अशा क्लासांत बहुतेक वेळा तयार टूल्स चालवायला शिकवतात. नेटवर्क तपासणीच्या कामाला त्याचा थोडाफार उपयोग होतो, पण तुमच्या लेकीला जे करायचंय ते वेगळं. आणि शंभर टक्के प्लेसमेंट म्हणजे नेमकी कुठली नोकरी, हे लेखी मागून बघा. आवाज लगेच खाली येतो.

क्रिप्टोग्राफी म्हणजे माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवायचं शास्त्र; बिटकॉइनचा इथे नावापुरताच संबंध. यूपीआयचा पिन टाकला की तो फोनमध्येच सांकेतिक होतो आणि पुढे एचएसएम नावाच्या पेटीबाहेर उघडा पडता कामा नये अशी व्यवस्था असते. ही पेटी फोडायचा प्रयत्न झाला तर आतल्या किल्ल्या, म्हणजे सांकेतिक मजकूर उलगडणारे गुप्त आकडे, ती स्वतःच पुसून टाकते. तिच्यात मुख्य किल्ली भरताना दोन-तीन अधिकारी आपापले तुकडे सीलबंद पाकिटांतून आणतात. पूर्ण किल्ली कुणा एकाला कळतच नाही. तुमच्याकडे तिजोरी जॉइंट कस्टडीत असते, तोच हिशेब.

नवी सांकेतिक पद्धत शोधून काढणं हे या इंजिनिअरचं काम नव्हे. आरएसए १९७७ पासून आहे, एईएस २००१ मध्ये प्रमाण ठरली. दुसऱ्यांनी तावूनसुलाखून घेतलेलं गणित कोडमध्ये असं उतरवायचं की ते कुठून गळणार नाही, हे खरं काम. आणि गळती बहुधा गणितात नसते. २०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड या चुकीत ओपनएसएसएलचं, म्हणजे वेबसाइटचे व्यवहार सांकेतिक करणाऱ्या सॉफ्टवेअरचं, गणित ठणठणीत होतं. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, एवढं तपासायचं राहिलं आणि सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेर जाऊ लागला.

हा परिच्छेद तिला वाचायला द्या. सर्व्हरकडे १६ बाइटची गुप्त खूण आहे आणि बाहेरून आलेली खूण तो तिच्याशी ताडून बघतो. सी भाषेतलं मेमसीएमपी हे तुलनेचं साधं फंक्शन वापरलं तर पहिला चुकीचा बाइट दिसताच तुलना थांबू शकते. म्हणजे पहिला बाइट बरोबर असेल तर उत्तराला किंचित जास्त वेळ लागणार. फरक अगदी सूक्ष्म, पण पुन्हापुन्हा विचारून सरासरी काढली तर तो हाती लागू शकतो. मग एकेक बाइट पक्का करत गेलं की जास्तीत जास्त १६ गुणिले २५६, म्हणजे ४,०९६ अंदाजांत काम फत्ते. एरवी शक्यता २ चा १२८ वा घात इतक्या! वेळ मोजून किल्ली काढता येते हे क्रिप्टोग्राफर पॉल कोचर यांनी १९९६ मध्येच दाखवलं होतं. उपाय असा की काहीही आलं तरी सगळे १६ बाइट तपासायचे, फरक एक्सओआरने काढून साठवत जायचा आणि निकाल शेवटी द्यायचा. त्यातही कम्पायलर कधीकधी आगाऊपणा करून तो कोड 'सुधारतो', म्हणून असेम्ब्लीत डोकावून खात्री करावी लागते.

हे वाचून ती लॅपटॉप उघडून बसली तर वाट बरोबर आहे. कंटाळली, तर नुसतं गणित आवडतंय असं समजा; त्यातही वाईट काही नाही. आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये मूळ संख्या ओळखण्याची जी रीत दिली ती जगभर वाखाणली गेली, पण आरएसएच्या किल्ल्या बनवताना आजही वापरतात ती मिलर-राबिन चाचणीच, कारण ती झपाट्याने चालते. गणितज्ञ आणि इंजिनिअर यांची तोंडं अशी दोन दिशांना असतात.

डिग्रीचं म्हणाल, तर तिचं गणित हे भांडवलच आहे, उणीव आहे ती प्रोग्रॅमिंगची. १९९४ मध्ये गणितज्ञ पीटर शोर यांनी दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक आला तर आरएसए टिकणार नाही. म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची पहिली तीन प्रमाणं जाहीर केली. त्यातल्या एमएल-केईएम या किल्ली ठरवण्याच्या पद्धतीच्या मुळाशी बहुपदींची वलयं आणि लिनिअर अल्जिब्रा आहे. आपल्याकडे कम्प्युटरची मुलं नेमकी इथे अडखळतात. जुनं काढून हे नवं बसवायचं काम पुढली बरीच वर्षं पुरेल.

मी तिच्या जागी असते तर फेब्रुवारीतली जॅम, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, दिली असती. चांगली रँक आली तर पवईच्या आयआयटीतच एमएस्सी, आणि त्यानंतर कोलकात्याच्या आयएसआयमध्ये (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) क्रिप्टॉलॉजी अँड सिक्युरिटीचं एमटेक. तीन वर्षांच्या बीएस्सीवर तिथे थेट जाता येत नाही. जॅम नाही जमली तर सीईटी देऊन एमसीए. त्यासाठी व्हीजेटीआय कॉलेज माटुंग्यातच आहे. यातलं काहीही घेतलं तरी सी आजपासून सुरू, नंतर रस्ट ही भाषा. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटी खरगपूरच्या देबदीप मुखोपाध्याय यांची व्याख्यानं आहेत. क्रिप्टोपाल्स या साइटवरचे सराव फुकट आहेत, त्यात वर सांगितलेली वेळेची गळती स्वतः घडवून फोडायचाही एक आहे. हे प्रयोग स्वतःच्याच मशीनवर हं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरला हात लावला तर आयटी कायद्याचं कलम ६६ लागू शकतं.

मुंबईत हे काम मुख्यतः पैशांच्या व्यवहाराभोवती आहे : बीकेसीत यूपीआय चालवणारी एनपीसीआय, बँका, कार्ड आणि पेमेंट कंपन्या. निव्वळ क्रिप्टो लायब्ररी लिहिण्याच्या जागा इथे मोजक्याच, त्यासाठी बंगळुरू किंवा हैदराबादची तयारी ठेवावी लागेल. पहिल्या ऑफर लेटरवर 'क्रिप्टोग्राफिक इंजिनिअर' बहुधा नसेलच. 'पेमेंट सिक्युरिटी' किंवा 'एचएसएम सपोर्ट' असं काहीतरी असेल. किल्ल्यांच्या व्यवस्थापनाचं काम हाताखालून जाणार असेल तर ते घ्यावं. मुलाखतीला जाताना सर्टिफिकेटांच्या फाइलपेक्षा स्वतः लिहिलेला कोड आणि त्याच्या चाचण्या दाखवता आल्या तर जास्त बरं.